तान्ह्या बाळासह तंबूतला मुक्काम : रात्रीची तयारी आधी

तान्हे किंवा नुकते चालू लागलेले मूल घेऊन तंबूत राहायला जायचे म्हटले की घरातली वडीलधारी माणसे आधी थंडीची आणि मग डासांची काळजी बोलून दाखवतात. या दोन्ही काळज्या खऱ्या आहेत, आणि त्या उडवून न लावता त्यांची उत्तरे घरूनच तयार करून निघावे. मोकळ्या हवेत, माती-पाण्याच्या आणि झाडापानांच्या सोबतीत लहान मूल दिवसभर बहुधा रमतेच. मुक्काम निभावतो की फसतो हे ठरते ते सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंतच्या बारा तासांत. म्हणून पुढे जे लिहिले आहे त्यात रात्रीला झुकते माप आहे. आमची मुलगी नऊ महिन्यांची असताना आणि पुन्हा पावणेदोन वर्षांची असताना आम्ही डिसेंबरात भंडारदऱ्याला तंबूत राहिलो, त्यामुळे डोळ्यांसमोर तोच परिसर आहे. पवना, मुळशी, पानशेत किंवा इगतपुरीकडे जाणाऱ्यांनाही यातले बहुतेक सगळे लागू पडेल.

मूल किती महिन्यांचे आहे यापेक्षा ते काय करू लागले आहे, यावर बेत ठरवणे अधिक शहाणपणाचे असते. तीन महिन्यांखालील बाळाला तंबूत नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या वयात साधा तापही लागलीच रुग्णालय गाठण्याचे कारण असतो. बाळाने मान पक्की धरली, ते आधाराने बसू लागले, पण अजून रांगत नाही, हा काळ सगळ्यांत सोपा. जिथे ठेवावे तिथे ते राहते, आणि आईचे दूध चालू असेल तर जेवणाचा निम्मा प्रश्न आपोआप सुटतो. रांगणारे मूल जमिनीवरचे प्रत्येक खडे-काडी तोंडात घालते, आणि नुकते चालू लागलेले मूल पाण्याकडे व विस्तवाकडे सारख्याच ओढीने धावते. या दोन टप्प्यांत निदान एका मोठ्या माणसाने सतत फक्त मुलाकडेच पाहावे लागते. त्यामुळे दोघांनीच जाण्यापेक्षा आत्या, मावशी किंवा आजी-आजोबांपैकी कोणी सोबत असेल तर फार सोय होते. लस टोचल्यावरचे दोन-तीन दिवस मात्र टाळावेत. लसीनंतर ताप येऊ शकतो, आणि तो लसीचा की दुसऱ्या कशाचा हे रानात बसून कळत नाही.

महाराष्ट्रात लहान मुलासाठी तंबूचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच समजावा. पावसाळ्यात ओल, जळवा, घसरडी वाट आणि अचानक वाढणारे पाणी असते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तंबूच्या आत भट्टी पेटल्यासारखे होते. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला भंडारदऱ्याला मोठी गर्दी लोटते, रात्री उशिरापर्यंत गाड्यांची रांग असते, आणि वळवाच्या सरीही त्याच दिवसांत येतात. तो सोहळा मूल मोठे झाल्यावर पाहावा. हिवाळ्यातही डिसेंबर-जानेवारीचे कडाक्याचे आठवडे वगळून नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी निवडला तर पहिल्या खेपेला सोपे जाते. धरणाकाठची पहाट हवामानाच्या अंदाजात दिसणाऱ्या जवळच्या शहरातल्या तापमानापेक्षा चांगलीच गार असते, आणि भंडारदऱ्याला थंडीच्या लाटेत पारा १० अंशांच्या खाली उतरू शकतो, हे कपडे भरताना लक्षात ठेवावे.

जागा निवडताना दृश्य किती सुंदर आहे हा प्रश्न शेवटी विचारावा. पहिला प्रश्न असा, की गाडी तंबूपासून किती पावलांवर उभी राहते. कारण रात्री दोन वाजता बाळाला घेऊन निघायचे ठरलेच, तर सामान तिथेच टाकून पाच मिनिटांत गाडीत बसता आले पाहिजे. दुसरा प्रश्न, की जवळचे रुग्णालय कोठे आहे आणि तिथवर रात्रीचा रस्ता कसा आहे. भंडारदऱ्याच्या शेंडी गावाहून एका बाजूला राजूर आणि पुढे अकोले, तर दुसऱ्या बाजूला घोटी आणि इगतपुरी आहे. यांपैकी कोठे रात्री डॉक्टर भेटतात हे निघण्यापूर्वी दूरध्वनी करून विचारून घ्यावे. तिसरा प्रश्न मोबाइलच्या रेंजचा, कारण जलाशयाच्या आतल्या अंगाला, रतनवाडीच्या बाजूला, तिचा भरवसा धरता येत नाही. चौथा प्रश्न आवाजाचा आहे आणि तो संकोच न करता विचारावा: रात्री किती वाजेपर्यंत गाणी वाजतात? एका ठिकाणी आम्हाला ‘सगळे कौटुंबिक वातावरण आहे’ असे सांगितले गेले होते, आणि प्रत्यक्षात रात्री एक वाजेपर्यंत शेजारच्या जथ्याचा ध्वनिवर्धक चालू होता. मुलगी दचकून चार वेळा उठली. तेव्हापासून आम्ही शनिवारची रात्र टाळतो, आणि आठवड्याच्या मधल्या वारी गेल्यावर तीच जागा वेगळी भासते. याखेरीज त्याच आवारात एखादी पक्की खोली गरज पडल्यास मिळेल का, हे विचारून ठेवावे. भंडारदऱ्याला राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थानही आहे, त्यामुळे थंडी झेपली नाही तर चार भिंतींचा आसरा फार लांब शोधावा लागत नाही.

प्रवासात मुलाला पुढच्या आसनावर मांडीत घेऊन बसण्याची आपल्याकडची सवय मोडावी. बाळाचे आसन मागच्या सीटवर, तान्ह्याच्या बाबतीत पाठीमागे तोंड करून, पट्ट्याने घट्ट बांधलेले असावे. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा अशा आसनाने सुरक्षित न बसवल्यास १००० रुपये दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने झाली आहे, पण दंड नसता तरी कसारा घाटातली वळणे हे कारण पुरेसे होते. घाट लागला की बाळ कानाला दडे बसल्याने कळवळते. अशा वेळी गाडी सुरक्षित जागी थांबवून दूध पाजले, तर गिळण्याच्या क्रियेने कान मोकळे होतात.

निघण्यापूर्वी एक रात्र तरी रंगीत तालीम करावी. गच्चीवर, अंगणात किंवा अगदी दिवाणखान्यात तंबू उभारून त्यात सगळ्यांनी खरोखर झोपावे. मुलाला त्या निळ्या-हिरव्या उजेडाची आणि कापडाच्या सळसळीची ओळख होते, आणि आपल्याला कळते की अंधारात डायपर कोठे ठेवला म्हणजे हाताला लागतो, चेनचा आवाज किती मोठा होतो, आणि तिघांच्या तंबूत तिघे मावत नाहीत. दोन मोठी माणसे आणि एक बाळ यांना चौघांचा तंबू घ्यावा. तालमीत ज्या दुपट्यावर, ज्या चादरीवर मूल झोपले तीच न धुता सोबत न्यावी, कारण ओळखीचा वास हे नव्या जागी झोप लागण्याचे मोठे साधन आहे. झोपण्याची वेळही घरचीच ठेवावी: घरी साडेसातला मऊ भात, आठला दूध आणि मग अंगाई असेल, तर तोच क्रम धरणाच्या काठावरही त्याच वेळी चालावा, मग शेकोटीभोवतीचा गप्पांचा फड कितीही रंगलेला असो.

आता अंथरुणाविषयी. थंडी अंगावरून लागते त्याहून जास्त ती जमिनीतून वर येते, त्यामुळे पांघरुणाआधी खालच्या थरांचा विचार करावा. सगळ्यांत खाली ताडपत्री, त्यावर तंबू, तंबूच्या आत फोमची घट्ट चटई, तिच्यावर घोंगडी किंवा जाड सतरंजी, आणि वर ताणून बसवलेली सुती चादर. घोंगडीची लोकर जमिनीचा गारवा अडवते आणि ओल लागली तरी ऊब टिकवते. अंगावर ती टोचते, पण खाली तिच्यासारखी वस्तू नाही. हवा भरून फुगवायची गादी एक वर्षाखालील बाळासाठी वापरू नये, कारण ती बाळाच्या वजनाने खोलगट होते आणि नाक-तोंड दबण्याचा धोका असतो. बाळाचे अंथरूण सपाट व घट्ट असावे, त्याला पाठीवर झोपवावे, आणि उशी, लोड, मऊ खेळणी किंवा सुटी पांघरुणे त्याच्याजवळ ठेवू नयेत. मोठ्यांच्या झोपायच्या पिशवीत बाळाला आपल्यासोबत घेण्याचा मोह थंडीत होतो, तो आवरावा. बाळाचे अंथरूण आईच्या हाताच्या अंतरावर पण वेगळे असावे, आणि ते तंबूच्या भिंतीला टेकलेले नसावे, कारण कापड आणि अंथरूण यांच्या फटीत बाळ सरकू शकते.

सुटे पांघरूण नको, मग ऊब कशी राहावी? यासाठी थरांवर थर चढवावेत: सुती बंडी, त्यावर पूर्ण बाह्यांचे झबले व पायजमा, पायमोजे, मग लोकरीचा स्वेटर, आणि शेवटी हात मोकळे राहतील अशी, गळ्याशी मापात बसणारी झोपण्याची पिशवी. अशी पिशवी बाजारात मिळते. आमच्या घरी आजीने जुन्या मऊ गोधडीची शिवून दिली होती. आपल्या अंगावर जितके थर आहेत त्याहून एक जास्त, हे प्रमाण बाळासाठी पुरते. कानटोपीची आपल्याकडे फार सवय आहे, परंतु बाळ अंगातली जास्तीची उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकते, आणि झोपेत टोपी नाकावर सरकते. म्हणून ती संध्याकाळी बाहेर फिरताना घालावी आणि एक वर्षाखालील बाळाला झोपवताना काढावी. डोके झाकल्यावाचून भागत नाही इतकी थंडी असेल, तर ती रात्र बाळाने खोलीत काढायची आहे, असे समजावे. नऊ महिन्यांच्या मुलीच्या पहिल्या रात्री तिचे हात बर्फासारखे गार लागले म्हणून मी घाबरून आणखी एक स्वेटर चढवायला निघाले होते. तेवढ्यात मानेमागे हात लावून पाहिला तर तिथे ती कोमट आणि थोडी घामेजलेली होती. बाळाचे हात-पाय गार असणे स्वाभाविक असते, ऊब पाहायची ती मानेमागे किंवा छातीवर. मान घामेजलेली असेल तर एक थर उतरवावा, आणि पोट-छाती गार लागत असेल तर लगेच उबेची व्यवस्था करावी.

त्याच रात्री आणखी एक चूक झाली. थंडी वाजू नये म्हणून आम्ही तंबूच्या साऱ्या खिडक्या बंद करून घेतल्या. पहाटे तीनच्या सुमारास टॉर्च लावला तेव्हा छताला आतून थेंबांची जाळी धरलेली होती, आणि एकेक थेंब सुटून मुलीच्या पिशवीवर पडत होता. आमच्या तिघांच्या श्वासाची वाफ बाहेर जायला जागाच नव्हती. वरची झडप आणि समोरासमोरच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवल्या तर हवा खेळती राहते व अंथरूण कोरडे राहते, आणि कोरडे अंथरूण हीच खरी ऊब असते. तंबूत शेगडी, निखाऱ्यांचे घमेले किंवा गॅसचा हीटर कधीही, अगदी पाच मिनिटांसाठीही, ठेवू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही. हाच नियम डासांच्या अगरबत्तीला आणि बाळाला देण्याच्या धुरीला लागू करावा. बंद तंबूत धूर नको.

डासांवर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे जाळी. तंबूची जाळीची चेन दिवसाही बंद ठेवण्याची शिस्त सगळ्यांना लावावी, बाळाच्या झोपेवर छोटी घडीची मच्छरदाणी लावावी, आणि दिवेलागणीच्या आधी पूर्ण बाह्यांचे फिकट रंगाचे कपडे घालावेत. डीट (डास पळवणारे रसायन) असलेले मलम दोन महिन्यांखालील बाळाला लावू नये. मोठ्या बाळालाही ते हातांच्या पंजांवर, डोळ्यांजवळ वा तोंडाजवळ लावू नये. लिंबाच्या वासाच्या निलगिरीचे तेल असलेले मलम तीन वर्षांखाली टाळावे. कापराविषयी मात्र जरा आग्रहाने सांगते: कापराची वडी घातलेली पुरचुंडी बाळाच्या गळ्यात किंवा उशाशी ठेवण्याची पद्धत आहे, पण थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. त्यामुळे तो, आणि कापराचे बामही, घरीच राहू द्यावेत.

साप-विंचवांची भीती बाळगण्यापेक्षा त्यांची सवय जाणावी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून तळ शिवलेला, चेन पूर्ण लागणारा तंबूच घ्यावा. बूट, मुलाच्या चपला आणि बाहेर वाळत घातलेले कपडे झटकल्याशिवाय घालू नयेत. लाल विंचवाचा दंश लहान मुलाला जिवावर बेतू शकतो: घाम सुटणे, उलटी होणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून हे मृत्यू पुष्कळ कमी झाले आहेत, पण त्यासाठी वेळेवर पोहोचणे भाग असते. साप चावल्यास आवळून बांधणे, चिरणे, चोखणे यांत वेळ न घालवता तो अवयव हलू न देता निघावे. तंबू लावताना एकदा मान वर करूनही पाहावे, कारण झाडावर किंवा कड्याला आग्यामोहोळ असेल तर शेकोटीच्या धुराने ते उठते. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडीच्या आणि गोव्यातल्या सत्तरीच्या जंगलपट्ट्यात गोचिडांमुळे माकडताप पसरतो आणि तो नेमका हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतो, म्हणून तिथे लहान मुलाला घेऊन रानात मुक्काम करू नये.

खाण्याच्या बाबतीत नवे काही करू नये, एवढे एक धरून ठेवले की पुरे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला अंगावरचे दूधच पुरते, उन्हातसुद्धा वरचे पाणी लागत नाही; आईने मात्र स्वतः भरपूर पाणी प्यावे आणि वेळेवर जेवावे. पावडरचे दूध देत असाल तर पाणी खळखळून उकळून थर्मासमध्ये न्यावे, ते ७० अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात पावडर कालवावी, बाटली थंड पाण्यात धरून कोमट करावी, आणि बाळाने सोडलेले दूध नंतरसाठी ठेवू नये. वरचे अन्न चालू झालेल्या मुलासाठी भाजलेल्या तांदूळ-मुगाचा रवा, नाचणीचे सत्त्व, मेतकूट आणि छोट्या बरणीत तूप घेतले की गरम पाणी मिळेल तिथे दहा मिनिटांत जेवण तयार होते. केळी आणि उकडलेला बटाटा हे मधल्या वेळेला उत्तम. गावरान मध पाहून बाळाला चाटवण्याचा मोह होतो, पण एक वर्षाखाली मध अजिबात देऊ नये. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, बोरे ही शेकोटीभोवती हातोहात फिरणारी खाऊ घशात अडकणारी असते. ती मुलाच्या आवाक्यात ठेवू नये, आणि कौतुकाने भरवणाऱ्या सोबत्यांनाही आधीच सांगून ठेवावे. पाण्याचा भरवसा विहिरीवर किंवा हातपंपावर न ठेवता एक मिनिट खळखळून उकळलेलेच पाणी पाजावे.

शेकोटी तंबूपासून दहा-बारा पावले दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावी, आणि मुलाला तिच्याजवळ नायलॉनचे कपडे घालून नेऊ नये. रात्रीच्या जाळापेक्षा सकाळची राख अधिक फसवी असते. वरून पांढरी, मऊ, पिठासारखी दिसते आणि आत निखारा धुमसत असतो. म्हणून झोपण्यापूर्वी पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा पाणी ओतून ती पूर्ण विझवावी, आणि सकाळी मूल तंबूबाहेर पडण्याआधी हात वर धरून ऊब लागत नाही ना, हे तपासावे. भाजलेच तर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट वा तूप लावू नये.

जलाशयाच्या काठी मूल हाताच्या अंतरावर हवे, त्याहून लांब नाही. रिकामी बादली आणि टब पालथे ठेवावेत, कारण वीतभर पाणीही लहान मुलाला पुरते. दुपारी अकरा ते चार सावलीत बसावे. सहा महिन्यांखालील बाळाला ऊनरोधक मलमापेक्षा सावली आणि सुती टोपीच बरी. आंघोळीचा आग्रह धरू नये. कोमट पाण्यात पिळलेल्या पंचाने मान, काखा आणि जांघा पुसून कोरड्या केल्या की दोन दिवस सहज निघतात.

औषधांच्या डब्यात तापमापक, जलसंजीवनीची पाकिटे, आणि डॉक्टरांनी मुलाच्या सध्याच्या वजनानुसार मात्रा लिहून दिलेले पॅरासिटामॉल असावे. ती मात्रा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून बाटलीलाच चिकटवावी, कारण रात्री अर्धवट झोपेत आठवणीवर विसंबणे बरे नाही. लसीकरणाचे कार्ड सोबत असावे. सहा-आठ तास लघवी झाली नाही, टाळू खोल गेली, मूल सुस्त पडले, दूध ओढेना, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगे पडू लागले, तर सकाळची वाट पाहू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेसाठी दूरध्वनी करावा, आणि गाडी तयार असेल तर तिनेच निघावे. मात्र गाडी चालवणाऱ्याने त्या रात्री मद्य घेतलेले नसावे, हे घरातून निघतानाच ठरलेले असावे.

निघायच्या सकाळी वापरलेले सगळे डायपर दुहेरी पिशवीत बांधून घरी आणावेत. ते पुरले तर कुत्री उकरून काढतात आणि जाळले तर धूर सुटतो, शिवाय धरणाकाठच्या गावांत कचरा उचलण्याची व्यवस्था शहरासारखी नसते. घरी पोहोचल्यावर मुलाचे सगळे कपडे उतरवून कानांमागे, मानेच्या घड्यांत, काखांत आणि जांघांत गोचीड किंवा लहानसा काळा व्रण दिसतो का, हे नीट उजेडात पाहावे, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात राहून आल्याचे आवर्जून सांगावे. तंबू त्याच दिवशी गच्चीवर उघडून पूर्ण वाळवूनच घडी घालावा, नाहीतर पुढच्या खेपेला त्यातून बुरशीचा कुबट वास येतो आणि त्याच हवेत मुलाला झोपवावे लागते.